९४ चा आकडा

संध्याकाळी न्यूरोसर्जरी वॉर्डातून रेसिडेंटचा फोन आला. "मॅडम, सकाळची पहिली केस आहे, पिट्युटरीची चार सेंटिमीटरची गाठ. एंडोक्राइनचं क्लिअरन्स हवंय." पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली हॉर्मोनची ग्रंथी. अशा वेळी आम्ही हॉर्मोनच्या डॉक्टरांनी कॉर्टिसोल, थायरॉइड बघायचं, स्टेरॉइडचा डोस लिहायचा आणि निघायचं, असा रिवाज.

पेशंट चाळिशीतला, ट्रॅक्टरवर ऊस वाहणारा. समोरचं दिसायचं, दोन्ही बाजूंचं नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. प्रोलॅक्टिन, म्हणजे पिट्युटरीतलंच दूध आणणारं हॉर्मोन, ९४. पुरुषात ते साधारण वीसच्या आत असतं. पण मोठ्या गाठीने पिट्युटरीचा देठ दबला तरी एवढं वाढतं, म्हणून गाठ प्रोलॅक्टिनची नाही, काढायलाच हवी, असं फाइलमध्ये लिहिलेलं.

बायकोला चहाला पाठवून मी त्याला विचारलं. खाली बघत म्हणाला, "चार-पाच वर्सं झाली, इच्छाच न्हाई. दमल्यानं आसंल म्हटलं." हे कुठल्याही मोठ्या गाठीने होतं, मान्य. पण एवढी गाठ आणि ९४, हे काही मला पटेना.

लॅबला सांगितलं, तोच नमुना शंभर पट पातळ करून पुन्हा लावा. या तपासणीत दोन अँटिबॉडींनी एकच रेणू दोन बाजूंनी धरला तरच तो मोजला जातो. हॉर्मोन बेसुमार असलं की दोघींना वेगवेगळे रेणू मिळतात, जोडी जमत नाही आणि यंत्र आकडा कमी दाखवतं. टेक्निशियनची ड्युटी संपत आलेली. कुरकुरला, पण लावलं. रात्री त्याचाच फोन, "मॅडम, बारा हजारांच्या वर!"

सर्जननी लगेच केस रद्द केली. हातची केस सोडायला सगळेच एवढे तयार नसतात.

प्रोलॅक्टिनच्या पेशींना मेंदूतलं डोपामीन एरवी लगाम घालून असतं. कॅबरगोलिन हे औषध डोपामीनच्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या जागेवर, बसतं. स्राव थांबतो आणि गाठही आक्रसते. शरीरात ते इतकं टिकतं की आठवड्यातून दोनदा पुरतं. सुरुवातीला अर्धी-अर्धी गोळी, रात्री जेवणानंतर, कारण मळमळतं आणि उठताना चक्कर येते.

"म्हंजे कापायचं न्हाई?" त्याने दोनदा विचारलं.

भावाने मोबाइलवर शोधलं होतं. "हे तर कंपवाताचं औषध हाय की!" बरोबर होतं त्याचं. कुळ एकच. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल कंपवातात देतात; जुन्या ब्रोमोक्रिप्टिनला तर २००९ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठीही मान्यता मिळाली.

बायकोला दोन गोष्टी बजावल्या. नाकातून पाण्यासारखं गळू लागलं तर तडक यायचं. गाठ आक्रसताना कवटीच्या तळाशी वाट उघडी पडू शकते. आणि या गोळीने कधी कधी मनावरचा ताबा सुटतो, म्हणून माणूस अचानक पैसे उधळायला लागला, मोबाइलवर रमी खेळू लागला, रात्री फारच मागे लागला, तर लाजू नका, फोन करा. ती लाजलीच.

आठवडा व्हायच्या आत त्याला शेजारच्या खाटेवरचे आजोबा मान न वळवता दिसू लागले. पुढच्या एमआरआयमध्ये गाठ निम्म्याहून कमी.

मग एका दुपारी बायकोचा फोन आला. "मॅडम, ह्यांनी न इचारता दोन शेळ्या आणल्या. गोळीमुळं आसंल का?"

किंमत विचारली. गाभण आहेत का, तेही विचारलं. भाव रास्त होता. म्हटलं, डोस तोच ठेवा, तिसरी आणली तर कळवा.