ज्यांना कबरी नाहीत त्यांचे दगड: इंदूर-महेश्वरची नोंदवही

मागची नोंद लिहिली तेव्हा आमची वंशावळ एका रिकाम्या चौकोनावर अडली होती. खाली पणजोबांपर्यंत सगळं व्यवस्थित, वर कोकणातल्या गावाचं आणि मूळपुरुषाचं नाव, आणि मध्ये जो कोणी माळव्यात आला त्याच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह. घरात सांगतात की तो अहिल्याबाईंच्या पदरी कारकून होता. पण इंदुरातल्या निम्म्या मराठी घरांचा मूळपुरुष बाईंच्याच पदरी असतो, आणि उरलेल्यांचा मल्हाररावांच्या. त्यामुळे या सांगण्यावर विसंबायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं.

तरी एक गोष्ट नक्की होती. बाईंचा कारभार चालायचा महेश्वरहून. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ला झाली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. म्हणजे घरची गोष्ट खरी असेल तर त्या पिढीच्या खुणा राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत सापडणार नाहीत. नर्मदेकडेच जायला हवं.

माघ-फाल्गुन

सुरुवात मात्र घराजवळूनच केली, डोळा बसावा म्हणून. कान्ह नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, इंदूरकरांनी येता-जाता हजारदा पाहिलेल्या असतात, थांबून बघितलेल्या नसतात. एक कृष्णाबाईंची, आणि एकाच चौथऱ्यावर तुकोजीराव दुसरे (निधन १८८६) व शिवाजीराव (निधन १९०८) यांच्या. खांबांवरचं कोरीव काम सगळेच सांगतात. मी गेले होते शिल्पांची पागोटी आणि दागिने बघायला. घरातल्या जुन्या फोटोंची साधारण दशकं ठरवताना हे फार कामाला येतं.

छत्री हे थडगं नव्हे, हे आपल्याला माहीत असतं, पण शोध घेताना त्याचा अर्थ उशिरा लक्षात येतो. जिथे दहन झालं किंवा जिथे माणूस पडला तिथे स्मारक उभं राहतं. त्याचं घर कुठे होतं याच्याशी त्याचा संबंध नसतो. मल्हारराव १७६६ मध्ये आलमपूरला वारले, छत्री तिथे, आजच्या भिंड जिल्ह्यात. खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेले, छत्री जवळच गांगरसोलीला. यशवंतराव १८११ मध्ये भानपुऱ्याला. नकाशावर हे ठिपके मांडले की होळकरांचं इंदूर दिसत नाही, त्यांच्या मोहिमा दिसतात. आणि फौजेमागे दप्तर असायचं, दप्तरामागे कारकून, कारकुनामागे त्याचं बिऱ्हाड. ज्यांचे पूर्वज होळकरांच्या किंवा शिंद्यांच्या चाकरीत होते त्यांनी आधी हा ठिपक्यांचा नकाशा करावा, एवढं नक्की सुचवेन.

पण छत्री मिळायची सरदाराला. कारकुनाला काय मिळायचं? रक्षा नर्मदेत आणि नाव श्राद्धाच्या संकल्पात. परदेशातले हौशी लोक सरळ चर्चच्या मागच्या आवारात जातात आणि आजोबांच्या आजोबांपुढे उभे राहतात. त्यांचा मला थोडा हेवा वाटतो. आपल्याकडे दफन व्हायचं ते संन्याशाचं, लहान मुलाचं, लिंगायतांचं, गोसाव्यांचं. (गोसाव्यांच्या समाध्या वाचताना एक लक्षात ठेवा. तिथली परंपरा गुरू-चेल्याची असते, बाप-लेकाची नाही. ‘गिरी’, ‘पुरी’ ही ओळ रक्ताची समजून वंशवृक्षात लावली तर भलतंच झाड उगवतं.)

म्हणून मी शोधाची दिशाच बदलली. मेलेल्यांचे दगड सोडून जिवंतपणी लावलेले दगड बघायला लागले. घाटाची पायरी, देवळाचा उंबरठा, दीपमाळेचं जोतं, घंटा, धर्मशाळेची चौकट, तुळशीवृंदावन. ‘अमुक चरणी तत्पर, तमुक निरंतर’ असं जिथे दिसेल तिथे थांबायचं. पायरीवर नाव घालायची जुनी रीतच आहे, भक्तांच्या पायाची धूळ आपल्यावर पडावी म्हणून. पुण्य मिळालं असेल, पण अक्षरं मात्र त्याच पायांनी झिजली. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, जिथे पाय पडत नाही, तिथे बघा.

चैत्र, महू

हा भाग लहान आहे. घरात एका साहेबाने खापरपणजोबांना दिलेली शिफारशीची चिठ्ठी आहे. तारखेची कड उंदराने खाल्लेली. सही स्वच्छ, पलटणही लिहिलेली. महूची छावणी १८१८ पासूनची, तेव्हा तिथल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत एक चक्कर मारली. देखभाल करणाऱ्या काकांना आधी भेटून, काय करणार ते सांगून. साहेब सापडला. दगडावर हुद्दा, पलटण, वय, मृत्यूची तारीख, दगड कोणी बसवला तेही. म्हणजे चिठ्ठी त्या तारखेच्या आधीची, आणि हुद्द्यावरून खालची मर्यादाही मिळते. साहेब मंडळींच्या दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या वेगवेगळ्या मालिकांत. दगड फुटलेला असेल तर तिथे शोधता येतं. आपल्या माणसाची तारीख परक्याच्या कबरीवरून ठरते, हे कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

वैशाख-ज्येष्ठ, नर्मदाकाठ

माझ्या काकांना बरोबर घेतलं. त्यांचं वय बघता उन्हाळ्यात नको म्हणत होते सगळे, पण ते म्हणाले, “अगं, पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली जातील, मग काय मगरींना विचारणार आहेस का?”

वाटेत रावेरखेडीला थांबलो. थोरल्या बाजीरावांची समाधी. इथे एक हिशेबाची गंमत आहे, तारखांत रमणाऱ्यांसाठी. निधनाची तिथी वैशाख शुद्ध १३, शके १६६२, आणि पुस्तकांत तारीख २८ एप्रिल १७४०. आजच्या कॅलेंडरने मागे मोजत गेलं तर २८ एप्रिलला अमावस्या होऊन जेमतेम दोन दिवस झालेले निघतात, मग त्रयोदशी कशी? कारण इंग्रजांनी १७५२ मध्ये कॅलेंडर बदलून अकरा दिवस गाळले. त्याआधीच्या बऱ्याच तारखा जुन्या मोजणीने छापल्या जातात. अकरा दिवस मिळवा, ९ मे येते आणि चंद्र त्रयोदशीवर बरोबर बसतो. १७५२ च्या आधीची तिथी-तारीख जुळत नसेल तर तिथीला लगेच खोटं ठरवू नका.

मग महेश्वर. घाटावर नावं ढिगाने, आमचं एकही नाही. दोन दिवस तिथेच गेले असते, पण धर्मशाळेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काकांचं आडनाव ऐकून जवळच्या एका गावाचं नाव सांगितलं. दक्षिणी बामणांचं एक जुनं वृंदावन आहे म्हणे तिथे.

वृंदावन होतं. महादेवाच्या देवळामागे, शेंदरी ऑइल पेंटच्या थरांखाली. गावातल्या बायका तिथे दिवा लावतात. पुजारीबुवा म्हणाले, “ये तो माताजी का ओटला है.” लेख आहे का विचारलं तर म्हणाले, कुछ लिखा तो है, पढ़ा किसी ने नहीं.

वाचायची पद्धत सांगते, कारण बरेच जण अजून खडू आणि पीठ वापरताना दिसतात. नका वापरू. खडू खाचेत बसतो, पिठाला मुंग्या आणि बुरशी येते, तारेच्या ब्रशने आणि ॲसिडने तर दगडाचा वरचा पापुद्राच जातो. दिवस मावळला की टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, मग खालून. उथळ खाचेचीही सावली पडते. प्रत्येक कोनातून फोटो, शेजारी मोजपट्टी. माती असेल तर साधं पाणी आणि मऊ कुंचला, बस. कागदावर ठसा घ्यायचा मोह होतो, पण संरक्षित वास्तूवर परवानगीशिवाय हात लावू नये आणि गावच्या श्रद्धेच्या जागी तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. लिपीची भीती बाळगू नका. मोडी ही मुख्यतः कागदावरची, दगडावर बहुतेक बाळबोधच भेटते. झिजलेल्या आकड्यांत १ आणि ९ ची गफलत मात्र ठरलेली.

काकांनी टॉर्च धरला, मी फोटो काढले. पेंटखालून निघालं: श्री, मग एका बाईचं नाव, ‘भार्या’ आणि तिच्या नवऱ्याचं नाव, आमचं आडनाव, ‘संवत १८८९ श्रावण वदि ९’. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ही आपली नाही.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घरच्या टिपणात त्या पिढीतल्या आजींची तिथी आहे ‘शके १७५४ नंदननाम संवत्सरे आषाढ वद्य ९’. नाव तिचंच, पण महिना एक पुढचा. आणि घरी आजही ती तिथी आषाढातच पाळतात. रात्री जेवतानाही तेच चाललं होतं, कोणी दुसरी चुलत घराण्यातली असेल म्हणून.

उलगडा झाला तो बाईंच्या पुण्यतिथीवरून. अहिल्याबाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ ला. पुण्याच्या पंचांगात ती तिथी श्रावण वद्य १४. आणि इंदुरात पालखी निघते ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला. दिवस तोच! आपला महिना अमावस्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचं महिन्याचं नाव एकच असतं, वद्य पक्षात मात्र त्यांचं एक घर पुढे. इंदूरच्या मराठी माणसाला हे लहानपणापासून माहीत असतं, फक्त दगडासमोर उभं राहिल्यावर आठवत नाही. आमचा आषाढ वद्य म्हणजे गावच्या पाथरवटाचा श्रावण वदि.

साल पडताळलं. शकात ७८ मिळवायचे, १७५४ चे १८३२. माळव्याच्या चैत्री संवतातून ५७ वजा, १८८९ चे १८३२. (जानेवारी ते मार्चच्या तिथ्यांना एकाचा फरक पडतो, आणि गुजरातेतला संवत कार्तिकात बदलतो म्हणून बडोद्याकडच्या मंडळींनी हे सूत्र जसंच्या तसं लावू नये.) संवत्सराची तपासणी आणखी सोपी: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो साठ संवत्सरांतल्या पहिल्या, प्रभवापासूनचा क्रमांक. १७६६ ला भागून बाकी २६, सव्विसावा नंदन. टिपण लिहिणाऱ्याने मागाहून ठोकून दिलेलं नाही. हे सूत्र दक्षिणेकडच्या गणनेचं आहे. उत्तरेतल्या लेखात संवत्सराचं नाव वेगळं दिसलं तर दचकू नका.

तर जुलै १८३२. आणि मुख्य म्हणजे नवऱ्याचं नाव, जे घरच्या एकाही कागदात नव्हतं. प्रश्नचिन्हाच्या जागी पेन्सिलने लिहिलं आहे. राजधानी हलून चौदा वर्षं झाल्यावरही ती नर्मदाकाठीच होती. क्षेत्रवासाला म्हणून राहिली, की घर कधी हललंच नव्हतं, हे दगड सांगत नाही. तो बाईंच्या पदरी होता की नाही हेही नाही. काकांना मात्र ते आता सिद्धच झालंय आणि ते सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगताहेत.

पुढचं

नाव हाती आल्यामुळे आता तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी वह्यांत ठेवणाऱ्या तीर्थाच्या भटजींकडे, जाता येईल. आधी उज्जैनला सिद्धवटावर, मग ओंकारेश्वर, जमलं तर त्र्यंबकेश्वर. त्यांच्या वह्यांत नुसत्या आडनावावर शोधायला सांगितलं तर ते हसतात. मूळ गाव, जात, आडनाव आणि निदान एका पूर्वजाचं नाव लागतं. कोणी या वह्यांचे फोटो घेऊ दिल्याचा अनुभव असेल तर दक्षिणा किती आणि कशी विचारायची ते कळवा. मला हा विषय काढायला संकोच वाटतो.

दुसरं, दर नवरात्रात त्या वृंदावनाला नवा रंग लागतो. लेखाची एक बाजू कोरी ठेवाल का, असं पुजारीबुवांना विचारलं. ते म्हणाले रंग गावाच्या वर्गणीचा असतो, पंचांना विचारा. पंचांना भेटायला भाद्रपदात जायचं ठरलंय, आमच्या भाद्रपदात की त्यांच्या, यावरून काकांचा आणि माझा वाद चालू आहे.