कंटाळा नाही का यायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. घरचा दुधाचा धंदा होता, लहानपण गोठ्यात गेलं, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पहाटे उठायचं, शेण काढायचं, दोन्ही वेळच्या धारा, वर्षभर एक सुट्टी नाही. कंटाळा नाही का यायचा? विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कणवही असते.

नाही यायचा. थकायला व्हायचं, झोप पुरायची नाही, थंडीत गार पाण्यात हात घालणं जिवावर यायचं. ते सगळं खरं आहे. पण कंटाळा यायला समोर रोज तेच असावं लागतं, आणि गोठ्यात रोज तेच नसतं. काल पोटभर खाणारी गाय आज गव्हाणीत नुसतं तोंड फिरवते. ते दिसायला लागलं की काम आवडायला लागतं. मला ते दिसायला लागलं धारा काढताना.

धार आईने शिकवली. आधी कास कोमट पाण्याने धुवायची, कोरडी पुसायची, मग प्रत्येक सडाच्या पहिल्या दोनचार चिळकांड्या वेगळ्या वाटीत काढून बघायच्या. त्यात गुठळी दिसली, दूध पाणचट वाटलं, तर त्या सडाला दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, सुरुवात असू शकते आणि ते दूध कॅनमध्ये जाता कामा नये. वाटी आतून काळी हवी, म्हणजे बारीक कण लपत नाहीत. धार पूर्ण मुठीने काढायची. अंगठा मुडपून काढली तर जोर कमी लागतो, पण सडाला आतून इजा होते. आई माझा अंगठा धरून सरळ करायची, न बोलता. गोठ्यात धारांच्या वेळी मोठ्याने बोलायचंच नाही, असा घरचा नियम होता.

त्यामागचं कारण मला मोठेपणी समजलं. कासेला हात लागला, वासरू दिसलं, ओळखीची बादली वाजली की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि ती पान्हा सोडते. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात धार उरकायची असते. गाय दचकली, घाबरली, तर अॅड्रेनॅलिन त्याच्या आड येतं आणि ती पान्हा चोरते. धार संपली की लगेच पुढ्यात वैरण टाकायची, हाही नियम. सडाचं तोंड साधारण अर्धा तास पुरतं मिटलेलं नसतं. गाय लगेच बसली तर जमिनीवरची घाण आत जाते. खाण्याच्या नादात ती उभी राहते. आजीला यातलं शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं, पण वैरण आधी टाकलेली तिला चालायची नाही.

बाबांची नजर वेगळीच होती. रात्री झोपण्याआधी ते गोठ्यात एक चक्कर मारायचे आणि बसलेल्या गाई किती रवंथ करतायत ते बघायचे. निरोगी गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. जिचं तोंड थांबलंय तिच्या कानाला ते हात लावायचे, शेण बघायचे, डाव्या कुशीवर मूठ टेकवून पोट हलतंय का ते पाहायचे. माज, म्हणजे गाय गाभण राहू शकते ती वेळ, ओळखणं हे तर नजरेचंच काम. दर एकवीस दिवसांनी, एक दिवसभरही न टिकणारा, आणि बरेचदा रात्रीच. तो हुकला की तीन आठवडे गेले.

आमची चांदणी व्याली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळची गोष्ट सांगते. भरपूर दूध देणारी गाय, तिसरं वेत. मी वासराला पाजायला गेले तर ती बसलेली होती आणि मान वळवून कुशीत घातलेली. झोपलीय असं कुणालाही वाटलं असतं. मी कानाला हात लावला, कान गार. नाक कोरडं. मी बाबांना हाक मारली, डॉक्टर आले. दुग्धज्वर. नाव ज्वराचं, पण ताप नसतोच, अंग थंड पडतं. व्यायल्यावर कासेत एकदम इतकं कॅल्शियम उतरतं की रक्तातलं कमी पडतं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम द्यायला घेतलं, अगदी सावकाश, एका हाताने स्टेथोस्कोप छातीशी धरून, कारण भराभर दिलं तर हृदय बंद पडू शकतं. बाटली संपत आली तशी चांदणीच्या अंगावर बारीक थरथर आली. तिने ढेकर दिला. मग शेण टाकलं, मागचे पाय ओढून घेतले आणि उठली. उठून पहिल्यांदा वासराकडे बघून हंबरली. बाबा मला एवढंच म्हणाले, "कान बघितलास, बरं केलंस." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं पहाटे उठले असते.

सगळंच आवडायचं असं नाही. म्हातारी झालेली गाय दावणीवरून जायची तो दिवस मला कधीच सोसला नाही, आजही सोसत नाही.

पुढे मशीन आलं. हातांनी धारा काढण्यातली माया गेली, असं हळहळून म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. आईची बोटं दुखायची थांबली, हे मला त्या हळहळीपेक्षा मोठं वाटतं. आता रवंथ मोजणारे पट्टेही गळ्यात येतात आणि ते उपयोगाचे आहेत. पण पट्ट्याने खबर दिल्यावर गाईजवळ जाऊन काय बिनसलंय ते माणसालाच ओळखावं लागतं.

काही आईवडील पुढे विचारतात, आमच्या मुलांना या कामात कधी घ्यावं? सुरुवात वासरापासून करू द्या. नुकतं जन्मलेलं वासरू रोगाशी लढायची शक्ती आईच्या पोटातून घेऊन येत नाही, ती त्याला चिकातून, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, मिळते. आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक कमी होत जाते, दिवसाभरात जवळपास संपते. म्हणून पहिला चीक पहिल्या दोनेक तासांत पाजायचा. मुलाला दोन बोटं दुधात बुडवून वासराच्या तोंडात द्यायला सांगा. खरखरीत जिभेने ते बोटं चोखायला लागलं की हात हळूहळू बादलीत खाली न्यायचा, तोंड दुधाला टेकलं की बोटं काढून घ्यायची. दोनतीन वेळा ते फुरफुरून डोकं वर काढेल, सगळं दूध मुलाच्या अंगावर उडवेल. घाई करू नका. मोठ्या गाईच्या धारेला मात्र मुलाची मूठ सडाभोवती पुरी बसेपर्यंत थांबा.