"सर्वसामान्य वाचक" नावाचा कोणी नसतो

मागे एका कोर्समध्ये एका लेखाची रेटॉरिकल सिच्युएशन, म्हणजे तो कोणी, कोणासाठी, कशामुळे लिहिला ही सगळी परिस्थिती, लिहून द्यायची होती. लेख शाळेत मोबाइलवर बंदी आणा म्हणणारा. मी झटपट लिहून टाकलं, विषय मोबाइल, वाचक "सर्वसामान्य लोक", आणि पुढे दोन पानं नुसतं एथॉस, पॅथॉस, लोगॉस (लिहिणाऱ्याची विश्वासार्हता, भावना, तर्क). शिकवणाऱ्या बाईंनी "सर्वसामान्य लोक"खाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलं, हे लोक बंदी आणू शकतात का?

तेव्हा जाम राग आला होता, खरं सांगते.

मग लॉइड बिट्झर या अमेरिकन अभ्यासकाचा 1968चा निबंध वाचला, रेटॉरिकल सिच्युएशनच्या कल्पनेवरच आहे तो. त्याचं म्हणणं, तीन गोष्टी बघा, निकड, श्रोते आणि बंधनं (मन वळवताना ज्यांचा विचार करावाच लागतो अशा गोष्टी). यातली निकड म्हणजे कुठलाही प्रॉब्लेम नाही हं, बोलून-लिहून सुटू शकेल किंवा निदान हलेल असाच. हिवाळा येणारच, त्याच्यावर कितीही कळकळीने लिहा. आणि श्रोते म्हणजे वाचणारे सगळे नाहीत, ज्यांचं मन वळलं तर ज्यांच्या हातून काही होऊ शकतं तेवढेच.

मार्टिन ल्यूथर किंगने 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र आठ धर्मगुरूंच्या नावे आहे, पण ते फक्त त्या आठांसाठी होतं असं म्हणायला मी तरी तयार नाही. म्हणजे वर नाव कोणाचं आहे एवढ्यावरून श्रोते ठरत नाहीत.

तर तोच मोबाइलवाला लेख परत काढला. बोलतेय सगळं पालकांशी, पण बंदी आणणार शाळा, मग पालक कशाला? तर शेवटून दुसऱ्या पॅरात सापडलं, पुढच्या पालकसभेत हा विषय काढा. म्हणजे शाळेवर दबाव आणायला पालक हवेत! आणि बंधनं तर काय भारी निघाली, मुलाच्या हातात फोन दिलाय पालकांनीच, रस्त्यात काही झालं तर फोन करता यावा म्हणून, आणि स्वतः पण दिवसभर त्यातच असतात, त्यामुळे त्यांना दोष दिला की लेख तिथेच बंद होणार. म्हणून लेखिका पहिल्याच ओळीत सांगते की मीही माझ्या मुलीला फोन दिलाय. मी याला "लेखिका प्रामाणिक वाटते" एवढं लिहून मोकळी झाले होते 😅

पण बिट्झरचं सगळंच पटलं असंही नाही. रिचर्ड वॅट्झ या दुसऱ्या अभ्यासकाने 1973 मध्ये त्याला उलटं उत्तर दिलं, की निकड बाहेर आयती पडलेली नसते, काय महत्त्वाचं ते बोलणाराच निवडतो आणि तोच त्याला निकड बनवतो. मला हे जास्त खरं वाटतं, कारण त्या अख्ख्या मोबाइलवाल्या लेखात नुकतंच घडलेलं असं काहीच नाहीये, ना घटना, ना नवा नियम. "आता उशीर होतोय" मात्र तीनदा आहे, मोजलं मी.