कोजागिरीचा बेत: आधी दूध, मग बाकीचं

यंदा कोजागिरी २५ ऑक्टोबरला, रविवारी आहे. पौर्णिमा सोमवारी सकाळी संपते, पण कोजागिरीला महत्त्व मध्यरात्री पौर्णिमा असण्याला, म्हणून रात्र रविवारचीच. ज्येष्ठ अधिक आल्यामुळे सगळेच सण उशिरा सरकलेत आणि मला त्याचा आनंदच आहे. कोजागिरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली की पुण्यात पाऊस पुरता गेलेला नसतो. गच्चीवर सतरंज्या टाकायच्या आणि आभाळाकडे बघत बसायचं. २५ तारखेपर्यंत आभाळ बहुतेक धुऊन निघालेलं असतं आणि रात्री हवेत जरासा गारवा असतो. गरम दूध प्यायला एवढा गारवा हवाच.

आम्ही बारा मोठी माणसं आणि पाच मुलं आहोत. कुणी रत्नागिरीकडची, कुणी जळगावची, एक घर सोलापूरचं, मी नागपूरची. बेत काय करायचा म्हटलं की ग्रुपवर पहिलं नाव पावभाजीचं येतं. सोपी पडते, मुलं खातात, हे सगळं मान्य. पण लोण्यात घोळलेली पावभाजी साडेनऊला पोटात गेली की अकराला निम्मी मंडळी पेंगायला लागतात, आणि बाराला दूध समोर आलं की "अर्धाच ग्लास दे गं" सुरू होतं. वर्षातून एकदा चार लिटर दूध आटवायचं आणि ते अर्धाच ग्लास म्हणून प्यायचं, हे मला पटत नाही. या रात्रीचं जेवण म्हणजे दूध. बाकी जे काही करू ते त्याला जागा ठेवून करायचं. म्हणून बेत मी रात्री बारापासून उलटा मांडते.

बाराला दूध. म्हणजे साडेअकराला ते पुन्हा मंद आचेवर चढायला हवं. त्याआधी अकराच्या सुमारास खिरापती. जेवण साडेआठला, जास्तीत जास्त नऊला. तळण जेवणाआधी अर्धा तास. आणि दूध आटवायला संध्याकाळी सहाला सुरुवात, कारण ते काम घाईचं नाही.

दुधाचं सविस्तर लिहिते, कारण दरवर्षी कुणीतरी विचारतंच. सतरा जणांना मी चार लिटर म्हशीचं दूध घेते आणि तीन लिटरच्या आसपास आटवते. याहून जास्त आटवलं की बासुंदी होते. ती चांगलीच लागते, पण ती वाटीत खायची, ग्लासने प्यायची नाही. डेअरीत दोन दिवस आधी सांगून ठेवायचं, कारण त्या दिवशी संध्याकाळी म्हशीचं दूध मिळेलच असं नाही. पातेलं पसरट आणि जाड बुडाचं. दूध ओतण्याआधी ते पाण्याने विसळून तसंच ओलं ठेवायचं. एकदा उकळी आली की आच मंद, आणि उलथण्याने तळ फिरवत राहायचं. कडेला चिकटलेली साय खरवडून दुधात ढकलायची, तिनेच दुधाला अंग येतं. तळाशी लागल्यासारखं वाटलं तर मात्र खरवडायचं नाही, दूध हलकेच दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यायचं. साखर सगळ्यात शेवटी, पाव किलोच्या आसपास.

मसाला घरचाच. शंभर ग्रॅम बदाम भिजवून, सालं काढून, भरडसर वाटलेले. पन्नास-पन्नास ग्रॅम काजू आणि पिस्ते, पिस्त्यांचे काप. पंधरा-वीस वेलदोडे. जायफळ सहाणेवर उगाळून, तेही पाव जायफळाच्या वर नको, दूध कडवट होतं. केशर कोमट दुधात आधी तासभर भिजवून ठेवायचं. आणि चारोळी. चारोळी खवट असली तर अख्खं पातेलं वाया जातं, म्हणून दुकानातच चार दाणे तोंडात टाकून बघायचे. आमच्या विदर्भात गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातली चारोळी मिळते, मी आईकडून येताना घेऊन येते आणि फ्रिजमध्ये ठेवते. ती दाताखाली आली की मला कोजागिरी आल्यासारखं वाटतं. या दिवसांत बाजार सीताफळांनी भरलेला असतो आणि कुणाला तरी गर दुधात घालायची हुक्की येते. तो प्रयोग एरवी खुशाल करावा, या रात्री दुधाला दुधाचीच चव असू द्यावी.

जेवणात दोनच पदार्थ ठरवलेत, पुडाची वडी आणि गोळाभात. दोन्ही माझ्या माहेरचे.

पुडाची वडी म्हणजे आमच्याकडचा सांबार, इकडची कोथिंबीर. ऑक्टोबरच्या शेवटी जुड्या मोठ्या आणि स्वस्त व्हायला लागतात. मला सहा-सात लागतील. वडीचं सगळं यश कोथिंबिरीच्या कोरडेपणावर आहे. सकाळीच निवडून, धुऊन, सुती धोतरावर पंख्याखाली पसरायची. दुपारी मुठीत धरून बघायची, तळहाताला ओल लागली नाही की मगच चिरायची. ओली राहिली की वडी तेलात गेल्यावर वाफेने फुटते आणि सारण बाहेर येतं. सारणात किसलेलं सुकं खोबरं, खसखस, तीळ, आलं-लसूण-मिरची, थोडी चारोळी, मीठ, सगळं जरासं परतून गार केलेलं. पारी बेसन आणि कणकेची, कडकडीत मोहन घालून घट्ट भिजवलेली, त्यात ओवा. पारी लाटली की तिला आतून चिंचेचा कोळ, गूळ आणि काळा मसाला कालवून बोटाने फासायचा, मग मधोमध सारणाची रास, दोन्ही बाजूंनी पारी वर दुमडायची आणि टोकं पाण्याचं बोट लावून दाबायची. पुडक्यासारखी दिसते. मध्यम आचेवर, सावकाश तळायची. मोठ्या आचेवर रंग लगेच येतो, पारी कच्ची राहते. दोन वड्या माणशी, तिसरी मागितली तरी द्यायची नाही असं माझं धोरण आहे. दुधासाठीच.

गोळाभातात तळण नाही. हरभरा डाळीचा भरडा तेल, हिंग, हळद, तिखट, मीठ घालून भिजवायचा, त्याचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातात ठेवायचे आणि झाकण घालून वाफ आणायची. पानात गोळा भातावर फोडायचा आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची चरचरीत फोडणी. मोठ्या पातेल्यात एकदम होतो, मुलं खातात, पोट भरतं आणि तरी जड वाटत नाही. तांदूळ यासाठी जुनाच हवा.

हे लिहिण्याचं कारण म्हणजे रत्नागिरीच्या मैत्रिणीचा नवा तांदूळ. तिच्याकडे ही नव्याची पौर्णिमा. दाराला भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुर्डू, झेंडू असं नवं बांधतात आणि नव्या तांदळाची खीर करतात. नवा तांदूळ चिकट शिजतो, भातात गोळे मऊ लगद्यात बुडतील, पण खिरीला तोच उत्तम. प्रश्न एवढाच होता की खीर आणि दूध, दोन्ही गोड, एका रात्री कसं बसवायचं. आम्ही बोलून ठरवलं की खीर थोडीच करायची. चंद्राला नैवेद्य तिच्या खिरीचा आणि प्रसाद म्हणून प्रत्येकाच्या हातावर चमचाभर. तिचं नवं आमच्या गच्चीच्या दारालाही बांधणार आहोत.

मध्ये तोंडात टाकायला मिठात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि उकडलेले शिंगाडे. शिंगाडे मंडईत या दिवसांत येतात. सोलत बसायला लागतं आणि सोलता सोलता गप्पा चालू राहतात, जागं राहायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

जागेचं एक. गच्चीवर चंद्र संध्याकाळीच उगवतो खरा, पण दहापर्यंत अर्ध्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली असते. बाराला तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि टाकीची सावली टाकीच्या पायाशी जाते. पातेलं उघड्यावर ठेवायचं ते तेव्हा, वर पातळ मलमल बांधून, कारण पाखरं असतात. मलमल मिनिटभर काढायची, सगळ्यांनी वाकून दुधात चंद्र बघायचा आणि मग ग्लास भरायला घ्यायचे. गच्चीचा मोठा दिवा त्या वेळी बंद हवा, हे सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना आधीच सांगितलंय.

दुधाआधी आश्विनी. घरातल्या थोरल्याला या दिवशी आई ओवाळते. आमच्यातले सातजण थोरले आहेत आणि बहुतेकांच्या आया दुसऱ्या गावी. म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, मी सगळ्यांनाच ओवाळते, पाट मांडून ठेव." तेव्हा सात पाट, एक निरांजन, सुपारी, अक्षता हे माझ्या यादीत आहे. मुलांमधले थोरले वेगळे.

आणि खिरापती. जळगावच्या मैत्रिणीकडे आणि आमच्याकडे भुलाबाईची गाणी कोजागिरीलाच संपतात. लहानपणी ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलोबा-भुलाबाई बसवायचो, गाणी म्हणायचो आणि मग बंद डबा वाजवून आत काय ते ओळखायचं. ते मुलांना दाखवायचंय. म्हणून ज्याने त्याने आपल्या गावचा एक कोरडा पदार्थ बंद डब्यात आणायचा. डबा पारदर्शक नको, वासावरून कळेल इतका गरमही नको. ओळखणाऱ्याला पहिला घास. सोलापूरवाले शेंगाचटणी आणणार हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यांनी या वेळी दुसरं काहीतरी आणावं अशी विनंती.

मोठं पातेलं माझ्याकडे आहे, गॅसची शेगडी जळगावकर वर आणतील, ग्लास ज्याने त्याने स्टीलचे आणायचे. माझ्या डब्यात काय असेल ते इथे लिहीत नाही, कारण मैत्रिणी हे वाचणार आहेत.