आधी टब, मग रुग्णवाहिका

मी टेक्ससमधल्या एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची ॲथलेटिक ट्रेनर आहे. सरावाच्या आणि सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला उभे राहून दुखापत ओळखणे, जागेवर उपचार करणे आणि खेळाडू खेळण्याच्या स्थितीत नसेल तर त्याला बाहेर काढणे, हे माझे काम. या निर्णयात प्रशिक्षकाला ढवळाढवळ करता येत नाही, असा महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांसाठी नियम आहे.

त्या ऑगस्टमध्ये नव्याने दाखल झालेल्या मुलांमध्ये पूर्व टेक्ससच्या एका छोट्या गावातून आलेला अठरा वर्षांचा नोज टॅकल होता. वजन 145 किलो, बोलणे अतिशय मऊ, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'मॅम'. नोज टॅकलची जागा बचावाच्या फळीत अगदी मधोमध असते. चेंडू हलताच समोरचे दोन-दोन धिप्पाड लाइनमन, म्हणजे पहिल्या फळीतले खेळाडू, अंगावर घ्यायचे आणि तसूभरही मागे हटायचे नाही, म्हणजे मागे उभे असलेले बचावपटू, लाइनबॅकर, चेंडू घेऊन येणाऱ्याला पाडायला मोकळे राहतात. शाळेत हा मुलगा निव्वळ आकारमानाच्या जोरावर समोरच्याला ढकलून देत असे. इथे त्याच्या समोर बावीस-तेवीस वर्षांचे तयार गडी होते. त्याच्या जागेसाठीच्या क्रमवारीत तो शेवटचा होता आणि रोज सकाळी भिंतीवरचा तो तक्ता वाचल्याशिवाय तो मैदानावर येत नसे.

शरीराला उन्हाची सवय व्हावी म्हणून ऑगस्टमधला सराव टप्प्याटप्प्याने वाढवतात: आधी नुसते हेल्मेट, मग शोल्डर पॅड, आणि काही दिवसांनी पूर्ण पोशाख. ही घटना पूर्ण पोशाखाच्या पहिल्या दिवसाची. ऊन, दमटपणा आणि वारा यांचा एकत्रित परिणाम मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा मर्यादेत होता, पाण्यासाठी जादा विश्रांतीही ठेवल्या होत्या. तरीही माझे लक्ष लाइनमनवर अधिक होते. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ कमी पडते, स्नायूंमध्ये तयार होणारी उष्णता बाहेर पडायला वाट अपुरी असते, आणि वर पॅडचे आवरण.

सरावाच्या उत्तरार्धात तो चुकीच्या जागी उभा राहिला. लाइनच्या प्रशिक्षकांनी त्याला सरकवले, तो पुन्हा तिथेच गेला. मी जवळ जाऊन विचारपूस केली, तेव्हा त्या मुलाने मला एक घाणेरडी शिवी दिली. प्रशिक्षक संतापले आणि त्याला दामटायला पुढे आले. मी त्यांना हाताने थांबवले आणि त्याला आजचा वार विचारला. त्याला तो सांगता आला नाही, आणि पुढच्याच क्षणी त्याचे गुडघे वळले.

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे ऊन लागलेला माणूस म्हणजे शेतावरचा मजूर किंवा घरातले म्हातारे माणूस, आणि त्याची कातडी कोरडी, तापलेली, हे लहानपणापासून पाहिलेले. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात मात्र रुग्ण बहुतेकदा घामाने निथळत असतो, म्हणून पाहणारा सहज फसतो. इथे खूण असते ती वागण्यातल्या बदलाची: गोंधळ, चिडचिड, असंबद्ध बोलणे. कपाळावर किंवा कानात लावलेले थर्मामीटर अशा वेळी भरवशाचे नसते, शरीराचे आतले तापमान गुदद्वारातूनच मोजावे लागते. सहकाऱ्यांनी टॉवेलांचा आडोसा धरला आणि आम्ही ते मोजले. 41.6 अंश सेल्सिअस.

गुरांना पाणी पाजण्यासाठी इथे मिळणारी मोठी टाकी आम्ही टब म्हणून वापरतो. सराव सुरू होण्यापूर्वी ती भरलेली असते आणि शेजारी बर्फाच्या पेट्या तयार असतात. पॅड कापून काढले, सहा जणांनी त्याला उचलून मानेपर्यंत पाण्यात ठेवले, काखांखालून चादर ओवून दोघांनी त्याचे डोके वर धरले. मी पाणी सतत ढवळत राहिले, कारण स्थिर पाण्यात अंगाभोवतीचा थर गरम होतो आणि थंडावा आत पोहोचत नाही. तो हातपाय झाडत होता, ओरडत होता. रुग्णवाहिका आली आणि तिच्यावरच्या तरुण कर्मचाऱ्याने त्याला ताबडतोब रुग्णालयात हलवू या म्हणून आग्रह धरला. मी नाही म्हटले. आधी गार करायचे, मग हलवायचे, हे आमच्या लेखी योजनेत होते आणि त्यावर संघाच्या डॉक्टरांची सही होती.

हा हट्ट नव्हता. मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर 2001 साली सरावातल्या उष्माघाताने गेला. मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर 2018 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गेला. त्याला थंड पाण्यात ठेवले गेलेच नव्हते. याउलट मॅसॅच्युसेट्समधल्या फाल्मथच्या शर्यतीत 18 वर्षांत उष्माघात झालेल्या 274 धावपटूंना जागेवरच बर्फाच्या पाण्यात ठेवले गेले आणि ते सगळे वाचले. पहिला अर्धा तास काय करायचे ते यावरून ठरते, आणि तो अर्धा तास रस्त्यावर घालवायला मी तयार नव्हते.

तापमान मिनिटाला साधारण 0.2 अंशाने उतरत होते. 39.5 च्या आसपास त्याचे झाडणे थांबले, त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "सॉरी, मॅम." हात पाण्यात बधिर झाले होते, तरी तेव्हा मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. 38.9 ला त्याला बाहेर काढले आणि मग रुग्णवाहिका निघाली.

विद्यापीठात त्याच्यासोबत एका खोलीत राहणाऱ्या मुलाने रुग्णालयात आम्हाला सांगितले की आदल्या रात्री त्याला उलट्या-जुलाब झाले होते. सकाळी आमच्या तपासणीत त्याने ते लपवले, कारण पूर्ण पोशाखाचा पहिला दिवस चुकला तर तक्त्यावरून नावच जाईल, अशी त्याची समजूत होती. मला त्याचा राग आला नाही. अठराव्या वर्षी, शिष्यवृत्तीच्या आधाराने घर सोडून आलेला मुलगा दुसरे काय करणार?

यकृत आणि स्नायूंच्या रक्ततपासण्या पूर्ववत होईपर्यंत त्याला धावूही दिले नाही. पुढे आधी थंड हॉलमध्ये, मग उन्हात, मग पॅडसह, असे त्याला हळूहळू परत आणले. 2018 पासूनच्या नियमानुसार नवा खेळाडू चार सामन्यांपर्यंत खेळला तरी विद्यापीठाकडून खेळण्यासाठी मिळणाऱ्या ठरावीक वर्षांपैकी त्याचे एक वर्ष वाया जात नाही. त्याचा लाभ घेऊन नोव्हेंबरमध्ये तो शेवटचे सामने थोडे थोडे खेळला आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या क्रमांकावर आला.

त्या पुढच्या हंगामाच्या ऑगस्टमधल्या पहिल्या बैठकीत मुख्य प्रशिक्षकांनी सांगितले की आजारपण कळवल्यामुळे कोणाचेही नाव तक्त्यावर खाली जाणार नाही, आणि मग त्यालाच बोलायला उभे केले. त्याने उलट्यांच्या रात्रीपासून टबपर्यंत सगळे सांगितले. त्याच आठवड्यात दोन नवी मुले सकाळी सरावाआधी माझ्याकडे पोट बिघडल्याचे सांगायला आली, आणि त्यांपैकी एकाला मी त्या दिवशी मैदानावर जाऊ दिले नाही.