रजेच्या अर्जातला ‘कधीपर्यंत’चा रकाना

रजेच्या अर्जावर ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने असतात. तापाला, शस्त्रक्रियेला किंवा मोडलेल्या हाडाला ते नेमके बसतात, कारण ही दुखणी सुरू होतात तशी संपतातही. मला २०१४ पासून रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते; औषधांनी तो आटोक्यात राहतो, पण संपत नाही. महामारीच्या काळात नोकरी सांभाळताना मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते या दुसऱ्या रकान्याशी.

त्याआधी मी आजार कॅलेंडरमध्ये लपवून ठेवला होता. मेथोट्रेक्सेट हे माझे मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते मी शुक्रवारी रात्री घेत असे, शनिवार मळमळीत आणि थकव्यात जाई आणि सोमवारी मी हिशेब विभागातल्या माझ्या टेबलाशी हजर असे. सांधे भडकलेच, तर एखादी किरकोळ रजा टाकून वेळ निभावून नेत असे. कार्यालयात जवळजवळ कोणालाच काही ठाऊक नव्हते, आणि त्यातच शहाणपण आहे असे मला वाटत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटले आणि हे लपवणे संपले. मी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असल्याने गर्दी टाळावी, असे पत्र डॉक्टरांनी दिले आणि त्याच्या आधारे मला घरून काम करण्याची परवानगी मिळाली. येथे एक गैरसमज रुजला, आणि तो वेळीच खोडून न काढण्यात माझीही चूक होती. घरून काम म्हणजेच माझ्या आजाराची सोय झाली, आता वेगळी रजा कशाला, असे मनुष्यबळ विभागाने गृहीत धरले. वास्तविक ते पत्र संसर्गाच्या धोक्याविषयी होते. सांधे भडकल्यावर बोटे चालत नाहीत, ही अडचण वेगळी होती आणि ती घरीही तशीच राहणार होती.

ती लवकरच आली. कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालते अशी बातमी पसरल्यावर, ज्यांना ते रोज लागते अशा आमच्यासारख्यांनाच ते मिळेनासे झाले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत रुग्णालयात दाखल रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही, पण तोवर माझ्या गोळ्या कित्येक आठवडे चुकल्या होत्या. हे औषध शरीरातून अतिशय सावकाश उतरते, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवले नाही. दुखणे आले ते जुलैमध्ये. सकाळी उठल्यावर दोन-अडीच तास मूठ मिटत नसे, माउस धरवत नसे, शिवाय बारीक ताप असे. ताप आहे म्हणून कोविडची चाचणी झाली, ती निगेटिव्ह आली आणि त्याबरोबर कोविडसाठी ठेवलेली विशेष रजाही गेली. नेहमीची आजारपणाची रजा संपत आली होती.

डॉक्टरांनी दहा दिवसांच्या विश्रांतीचे प्रमाणपत्र दिले. अकराव्या दिवशी रुजू होण्यासाठी ‘पूर्ण बरी झाली आहे’ असे फिटनेस सर्टिफिकेट हवे, असा नियम निघाला. डॉक्टर फोनवर शांतपणे म्हणाले, “पूर्ण बऱ्या झालात असे मी कसे लिहू? काम करू शकता, एवढे लिहितो.” तेवढे लिहिलेला कागद परत आला. या देवाणघेवाणीत माझे नऊ दिवस बिनपगारी गेले. त्याच दिवसांत, सहकाऱ्यांवर भार नको म्हणून, मी अंथरुणातून काही ईमेलना उत्तरे दिली होती. पुढे चर्चेत तीच माझ्यासमोर ठेवण्यात आली: रजेवर असताना काम जमत होते, मग रजा कशासाठी? तेव्हापासून रजेच्या दिवशी मी संगणक उघडत नाही.

तिढा सुटला तो एका वहीमुळे. सहा आठवडे मी रोज तीनच गोष्टी टिपल्या: सांधे किती वाजता मोकळे झाले, काम कधी सुरू झाले आणि हात कधी थांबले. वाईट दिवसांतही दुपारी साडेबारानंतर चार-पाच तास काम नीट होत होते, म्हणजे मला पूर्ण दिवसाची रजा क्वचितच लागत होती. सकाळ तेवढी जात होती. ही वही पाहून डॉक्टरांनी नवे पत्र लिहिले. त्यात रोगाचे वर्णन एका ओळीत होते आणि बाकी सारे कामाविषयी: सकाळी टंकलेखन नको, दिवसाचे तास विभागून द्यावेत, दुखणे मधूनमधून उलटेल. माझ्या वरिष्ठांची हरकत महिनाअखेरच्या ताळेबंदाची होती आणि ती रास्तच होती, कारण त्या चार दिवसांत सकाळीच आकडे लागतात. ते काम एका सहकाऱ्याने घ्यायचे आणि त्याबदल्यात त्यांचे दुपारचे पडताळणीचे काम मी करायचे, असे ठरले. अर्ध्या दिवसाची आणि तासांची रजा तीन महिन्यांसाठी मंजूर झाली, लेखी. ‘कधीपर्यंत’च्या रकान्यात ‘पुढील आढाव्यापर्यंत’ असे लिहिले गेले.

२०२१ मध्ये लस आली, तेव्हा प्रत्येक मात्रेनंतर आठवडाभर मेथोट्रेक्सेट थांबवण्यास मला डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे लसीला प्रतिसाद चांगला मिळावा. औषध थांबले की सांधे बोलणार हे ठाऊक असल्याने मी आधीच दोन दिवसांची रजा मागितली. “मॅडम, आजारी पडण्याआधी आजारपणाची रजा कशी देणार?” असा प्रश्न आला. प्रश्न विचारणाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्या संगणकात पुढची तारीख घालण्याची सोयच नव्हती. शेवटी ती रजा मी किरकोळ रजेतून घेतली आणि दुखणे तिसऱ्या दिवशी आले, तेव्हा अंदाजही एका दिवसाने चुकलाच.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केल्यावर, महामारीतल्या सवलती बंद होत असल्याचे परिपत्रक आमच्याकडेही निघाले आणि त्या यादीत माझे नाव होते. मी लेखी मंजुरीची प्रत पाठवली; तिच्यात कारण म्हणून सकाळी आखडणारे सांधे नोंदवले होते, महामारीचा उल्लेख कुठेही नव्हता. नाव यादीतून निघाले. आता आठवड्यातून तीन दिवस मी दुपारी कार्यालयात जाते. नऊ बिनपगारी दिवसांचा माझा अर्ज मात्र अजून विचाराधीन आहे.