तुम्ही विचारलंत म्हणून: बाई, तुम्ही मुलांकडून झाडं का लावून घेत नाही?

‘वर्गात हवामान बदल शिकवता, जंगलांचं आणि प्राण्यांचं काय होतंय ते पोरांना सांगता, मग शाळेमागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, वृक्षारोपण ठरलं की विरोध तुमचाच कसा?’ हे मला पालकांनी विचारलंय, शाळेवर आलेल्या साहेबांनी विचारलंय, गणपतीला मुंबईहून आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी विचारलंय आणि माझ्या सख्ख्या भावाने भरल्या ताटावर विचारलंय. मी दोन वाक्यांत उत्तर देते, समोरचा ‘बरं बरं’ म्हणतो, आणि पुढच्या जुलैत तोच प्रश्न पुन्हा दारात. म्हणून आता एकदा सगळं सांगते.

मी झाडांच्या विरोधात नाही. हे वाक्य मला पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं याचंच मला वाईट वाटतं. माझं माहेर दापोली तालुक्यातलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं तेव्हा आमच्या वाडीतल्या पोफळी एकमेकींवर आडव्या झाल्या. गावच्या देवराईतला जुना बेहडा मुळासकट उपटला. त्या बेहड्याच्या ढोलीत ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, घरटं करायचे. ककणेराची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं आणून तिला भरवतो, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. पण तशी ढोली तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. झाड लावता येतं, ढोली लावता येत नाही. जिथे बेहडा पडला तिथे ऊन खाली आलं आणि बघता बघता रानमोडी माजली. आम्ही ती उपटली. भावाने आणि मी वाडीतली पोरं घेऊन त्या जागेत बेहडा, सातवीण, उंडी लावली. ती आजही आम्ही राखतो.

वर्गात जंगल शिकवताना मी त्या बेहड्यापासूनच सुरुवात करते. अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं की या समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली. एकट्या निसर्गकडे बोट दाखवून ‘हे हवामान बदलाने आणलं’ असं मी मुलांना म्हणू देत नाही. पण समुद्र तापला, वादळं वाढली, म्हातारी झाडं पडली, ढोल्या गेल्या, पक्षी कुठे गेला? ही साखळी नववीतलं पोर स्वतः जोडतं. मला पाठ करून घ्यावी लागत नाही.

आता सडा.

माझी शाळा राजापूरकडच्या पट्ट्यात आहे आणि शाळेच्या मागे कातळच कातळ. सरकारी नकाशांत अशा जमिनीवर ‘पडीक’ म्हणून शिक्का असतो आणि मे महिन्यात तिथे उभं राहिलं तर तो शिक्का कोणालाही खरा वाटेल. पाय भाजतात. पण जून लागला की त्याच कातळावर दीपकाडी फुलते, जी कोकण-गोव्याच्या कातळाबाहेर सहसा दिसत नाही. मग गेंद, सीतेची आसवं, किडे खाणारा दवबिंदू. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, चंडोल तिथेच वाढतो, रात्री कोल्हा तिथूनच जातो. जांभा पाणी पितो आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यांत, विहिरींत सोडतो. गावाचं पाणी तिथून येतं. या कातळावर माती काही बोटं, तीही खळग्यांत. झाड लावायचं तर कातळ फोडावा लागतो, उतारावरची माती ओरबाडून भराव घालावा लागतो आणि फेब्रुवारीपासून पाणी वाहावं लागतं. कार्बन शोषायला म्हणून लावलेल्या रोपापायी एवढं सगळं करायचं, आणि लावायची कोणती, तर ऑस्ट्रेलियन बाभूळ, जिच्या पाल्याखाली गवत फारसं उगवत नाही. जी जागा हजारो वर्षं उघडी आहे ती उघडी राहणं हीच तिची तब्येत आहे. आमच्या तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर कोरलेला तो प्रचंड हत्ती बघायला मी मुलांना नेते. तो कोरणाऱ्यांनाही इथे झाडी नाही, मोकळा कातळच दिसला होता. ती कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तर सगळ्यांना अभिमान वाटला. पण ज्या सड्यावर ती आहेत तो मात्र अजून पडीकच.

माझ्या वर्गाची एक नोंदवही आहे. पावशा पहिल्यांदा कधी ऐकला, काजवे कधी दिसले, मृगाचा किडा कधी निघाला, डबकं कधी भरलं, बेडूक कधी ओरडले. शेजारच्या रकान्यात आजी-आजोबांना विचारून लिहायचं, आणि ते नक्षत्रात सांगतात. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच महाराष्ट्रात शिरला आणि महिनाअखेरीस जो अडकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. म्हाताऱ्यांचा हिशेब चुकला, पावसाआधी कोरड्या मातीत करायची धूळवाफेची पेरणी चुकली. बेडकांचंही तेच झालं. जमिनीत, कपारींत महिनोन् महिने निजलेला बेडूक पहिल्या मोठ्या पावसाला बाहेर येतो, अंडी घालतो आणि पिल्लांना शेपटी गळेपर्यंत पाणी टिकावं लागतं. रोहिणीत भरलेली आमच्या सड्यावरची लहान डबकी मृगात आटली. मोठी तेवढी टिकली. डबकी पुष्कळ असली की एका डबक्याचं नुकसान दुसरं भरून काढतं. पावसाचा नेम गेलाय म्हणूनच आता प्रत्येक डबकं पूर्वीपेक्षा मोलाचं आहे. हेच मला शिकवायचंय, आणि म्हणूनच मी त्या जुलैत गप्प बसू शकले नाही.

ती गोष्ट मी आजवर कोणाला सबंध सांगितलेली नाही. २०२२ चा जुलै. पाहुणे यायचे होते, फलक लागला होता, रोपांची गाडी आदल्या दिवशीच आली होती. सकाळी मुलांना रांगेत सड्यावर नेलं तेव्हा दिसलं की जेसीबीने कातळात खड्ड्यांच्या ओळी पाडल्या आहेत आणि त्यातली एक ओळ सरळ आमच्या डबक्याच्या काठातून गेली आहे. ते डबकं वर्गातल्या एका मुलाकडे होतं. त्याचं नाव लिहीत नाही. अबोल मुलगा, गणितात कच्चा, पण त्या डबक्याची नोंद त्याने एक दिवस चुकवली नव्हती. पाण्याची खोली तो बांबूच्या कामटीवर खुणा करून मोजायचा. पाहुण्यांनी रोप हातात घेतलं आणि हा रांगेतून बाहेर आला. छत्री न उघडता, वही शर्टाच्या आत धरून. म्हणाला, ‘इथे नको. इथे पिल्लं आहेत.’

कोणीतरी म्हणालं, ‘कसली पिल्लं?’

‘बेडकाची.’

सगळे हसले. मोठी माणसं हसली म्हणून मुलंही हसली. त्याला मागे जायला सांगितलं गेलं आणि तो गेला नाही. मी पुढे झाले आणि सगळ्यांदेखत म्हटलं की हा मुलगा बरोबर सांगतोय, ही वर्गाची अभ्यासाची जागा आहे, ही एक ओळ सोडा. मला सांगण्यात आलं की आधी फोटो होऊ दे, मग बघू. फोटो झाला. त्यात तो मुलगा कडेला दिसतो, चेहरा कॅमेऱ्याकडे नाही, पाण्याकडे आहे. रोप डबक्याच्या काठावरच लागलं.

मला लेखी खुलासा मागितला गेला. ‘मुलांना चांगल्या कामाविरुद्ध चिथावलं.’ मी खुलासा दिला, त्यात माफी मागितली नाही, आणि आजही मागणार नाही. त्या खड्ड्यांतली रोपं पुढच्या मेपर्यंत जळून गेली. फोडलेला कातळ मात्र तसाच आहे. वरचा कडक थर तुटला की पाणी ठरत नाही, खाली झिरपून जातं. त्या डबक्यात आता चार दिवससुद्धा पाणी राहत नाही.

इथवरचं मी सांगत आले आहे. यापुढचं टाळत आले.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या मुलाचे वडील आले. व्हरांड्यातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, ‘बाई, ते खड्डे मी मारलेत.’ मला माहीत नव्हतं. ते दुसऱ्याच्या जेसीबीवर चालक होते. आदल्या संध्याकाळी काम आलं, त्यांनी केलं. म्हणाले, ‘पोर माझ्याशी बोलत नाय. जेवताना विचारतं, बाबा तू त्यांना मारलंस काय. मी काय सांगू त्याला?’ मी म्हटलं, चूक तुमची नाही, जागा ठरवणाऱ्यांची आहे. ते म्हणाले, ‘ते तुमास कळतं. त्याला खड्डा मारणारा माणूस दिसतो.’ आणि जाता जाता, आवाज न चढवता, ‘तुमचा पगार एक तारखेला होतो, बाई.’

मुलाला मी दुसऱ्या आठवड्यात बोलावलं. ज्याच्या हातात यंत्र असतं आणि ज्याच्या हातात निर्णय असतो ती दोन वेगळी माणसं असतात, असं बरंच काही बोलले. त्याने ऐकून घेतलं. वही टेबलावर ठेवली आणि परत नेली नाही. ती अजून माझ्या कपाटात आहे.

तेव्हापासून माझं माझ्याशीच एक भांडण चालू आहे. नोकरीला नवीन लागले तेव्हा मी हाच विषय पुस्तकातल्यासारखा शिकवायचे. वितळणारा बर्फ, त्यावर ध्रुवीय अस्वल. मुलं सुंदर चित्रं काढायची, भिंत भरून जायची. ती तेव्हाची मी आताच्या मला विचारते, ‘त्या चित्रात निदान कोणाचा बाप नव्हता. तू धडा घराजवळ आणलास आणि एका घरात अबोला घातलास. हे शिक्षण?’ मी तिला म्हणते, अस्वलाच्या चित्राने कोणाचं काही बिघडत नाही म्हणूनच ते सगळ्यांना चालतं. जंगल आणि प्राणी शिकवायचे तर ते जिथे मरतात तिथे बघावं लागतं, आणि तिथे कोणीतरी आपल्या ओळखीचं काम करत असतं. ती म्हणते, ‘मग पोराच्या हातात काय दिलंस? रोप लावलं असतं तर निदान काहीतरी केल्यासारखं वाटलं असतं त्याला.’ यावर मी चिडते, कारण ‘केल्यासारखं वाटणं’ हाच माझा आक्षेप आहे. पण तिचा प्रश्न उरतोच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला समुद्र तापतोय हे सांगायचं, पाऊस बिघडतोय हे दाखवायचं आणि शाळा सुटल्यावर रिकाम्या हाताने घरी पाठवायचं, हे मलाही झेपत नाही. देवराई असती तर मी रोपं दिली असती, रानमोडी उपटायला दिली असती. सड्यावर द्यायला माझ्याकडे नोंदवहीच आहे. ती पुरेशी आहे का? काही मुलांना असते. त्याला नव्हती.

आणखी एक मान्य करते, कारण तुमच्यातल्या काहींनी तेही विचारलंय. आमचा सडा आज मोडतोय तो हवामानाने थोडा आणि चिरेखाणी, सुरुंग लावून केलेल्या बागा, रस्ते यांनी जास्त. मग मी हवामान बदल शिकवते की माझा राग शिकवते? मुलं याबाबतीत माझ्यापेक्षा सरळ आहेत. एकीने वर्गात विचारलं, ‘बाई, बेडूक पावसामुळे मेले की जेसीबीमुळे?’ मी फळ्यावर दोन रकाने केले आणि त्यांनाच भरायला सांगितले. दुसरा रकाना आधी भरला. मग तीच मुलगी म्हणाली की डबकी जास्त असती तर पाऊस चुकला तरी काही पिल्लं वाचली असती. दोन्ही रकान्यांच्या मधोमध तिने ते लिहिलं. मी ते बरेच दिवस पुसलं नाही.

तो मुलगा दहावी पास झाला आणि आयटीआयला गेला. वडील वाटेत भेटले की हात करतात. मी अजून त्यांच्याशी त्या दिवसाबद्दल बोललेले नाही आणि काय बोलावं हे मला ठाऊक नाही.

यंदाही वृक्षारोपणाचं पत्र येईल. रोपं द्या, मी घेते. ओढ्याच्या काठावर जागा आहे, शाळेच्या कुंपणाला आहे, देवळामागच्या उतारावर दरड घसरते तिथे तर हवीच आहेत. बेहडा, करंज, उंडी, जांभूळ, जे इथलं असेल ते आणा, खड्डे आम्ही फावड्याने खणू. सड्यावर यायचं असेल तर मृगात या, मी दीपकाडी दाखवते. जेसीबी तेवढा खालीच ठेवा, आणि त्याच्या चालकाला त्या दिवसाची मजुरी द्या.